छोट्या लॅपटॉपवर लिनक्स : रोजच्या कामाला पुरेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, पण आधी मशीन कसलं आहे ते सांगते, नाहीतर कुणालाच नीट उत्तर देता येणार नाही.

लॅपटॉप ११.६ इंची. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, आणि हार्डडिस्क नाहीच, ३२ जीबीची ईएमएमसी म्हणजे साठवणीची चिप आहे जी बोर्डालाच डकवलेली असते त्यामुळे बदलायची सोय नाही. वजन मात्र अगदी कमी, पर्समध्ये मावतो, आणि मला रोज एसटीने शाळेत जायचं असतं त्यामुळे हाच हवा. विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला निदान ६४ जीबी जागा लागते म्हणजे तो रस्ताच बंद. दुकानदार म्हणाला मॅडम एक्स्चेंजला द्या, आणि त्याने जी किंमत सांगितली त्यात दप्तर आलं असतं. मग भाचा म्हणाला मावशी लिनक्स टाकून बघू, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम असते ती.

लिनक्स मिंट हा प्रकार टाकलाय, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवाला. आधी पेनड्राइव्हवरूनच चालू करून बघितलं, काही पुसलं नाही. आवाज, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, एचडीएमआयने शाळेचा प्रोजेक्टर, सगळं आपलं आपण चाललं, एकही सीडी नाही की ड्रायव्हर नाही. खरं सांगते मला फार आनंद झाला. सुरू झाल्यावर एक जीबीच्या आतच रॅम वापरतो. फायरफॉक्समध्ये यूडायस आणि सरल या शाळांच्या सरकारी साइटची कामं होतात, निकालपत्रकं लिबरऑफिसमध्ये उघडतात.

आता अडचणी. वायफाय राउटरच्या खोलीत जोरात, स्वयंपाकघरात गेलं की मरतं, फोनला तिथेच पूर्ण रेंज असते. काही काही सेटिंगच्या खिडक्या स्क्रीनपेक्षा उंच आहेत, खालचं ओके बटण दिसतच नाही. मराठी टायपिंग अजून जमलेलं नाही, फोनवर लिहून मेल करते स्वतःला. आणि जागा! नवीन टाकलं तेव्हा अर्धी डिस्क रिकामी होती, आता ३ जीबी उरलीय आणि मी काहीच डाउनलोड केलेलं नाही.

तर प्रश्न असा की हे मशीन आणि हे लिनक्स यावर पुढची काही वर्षं रोजचं काम होईल का, की ही हौस आहे आणि मी पैसे साठवायला लागावं?

जुनंखोड

स्वागत रानजाईताई! सगळ्यात सोपं आधी. ऑल्ट दाबून धरा आणि खिडकीत कुठेही माउसने पकडून वर ओढा, खिडकी स्क्रीनच्या वरून बाहेर जाते आणि खालचं बटण दिसतं. तुमची स्क्रीन १३६६ बाय ७६८ असणार, मिंटवाले निदान १०२४ बाय ७६८ धरून चालतात आणि त्यापेक्षा लहान असेल तर हीच युक्ती स्वतःच सांगतात.

छोटा लॅपटॉप आणि लिनक्स ही जोडी नवी नाही. २००७ साली आसुसने ई पीसी काढला, ७ इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, ४ जीबीचा डिस्क आणि त्यात कंपनीनेच लिनक्स भरून दिलेलं. ८०० बाय ४८० च्या त्या पडद्यावर मी प्रवासात पानंच्या पानं लिहिली आहेत. तुमच्याकडे त्याच्या आठपट रॅम आहे. निश्चिंत राहा.

मनमाड_जंक्शन

वाचतोय. घरात एक जुना नेटबुक पडलाय, या धाग्याने हात शिवशिवायला लागले.

पेनड्राइव्ह_पाटील

जागेचं मी सांगतो कारण ३२ जीबीवाल्यांचं हे हमखास होतं. ताई तुम्ही पहिल्यांदा मिंट उघडलं तेव्हा स्वागताच्या खिडकीने टाइमशिफ्ट चालू करा असं सुचवलं असेल, तुम्ही केलं असेल. चांगलीच गोष्ट आहे ती, सिस्टीम बिघडली तर मागच्या तारखेला जाता येतं, पण पहिली प्रत जवळजवळ सिस्टीमएवढी जागा खाते आणि ती त्याच डिस्कवर ठेवली की ३२ जीबीचा (प्रत्यक्षात २९ च्या आसपास मिळतात) निकाल लागतो. त्यात तुमच्या फायली नसतात हेही लक्षात ठेवा, ते फक्त सिस्टीमसाठी आहे. टाइमशिफ्ट उघडून जुन्या प्रती पुसा, एक वेगळं मेमरी कार्ड घेऊन ते ईएक्सटी४ मध्ये (लिनक्सच्या पद्धतीने) फॉरमॅट करा आणि प्रती तिकडे टाका. फोनमधलं कार्ड आहे तसं घातलं तर टाइमशिफ्ट ते घेणार नाही.

दुसरं, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकाच प्रोग्रॅमचे दोन प्रकार दिसतात, सिस्टीम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅक वाईट नाही, नवी आवृत्ती मिळते, पण पहिलंच फ्लॅटपॅक घेतलं की त्याच्या पाठोपाठ पायाभूत फायलींचा मोठा लोंढा येतो. लहान डिस्कवर शक्यतो सिस्टीम पॅकेजच घ्या.

तिसरं म्हणजे जुने कर्नल, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशन म्हणून पान आहे, तिथे निरुपयोगी कर्नल आपोआप काढायचा पर्याय आहे, तो चालू करा आणि विसरून जा.

लेखापाल

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. घरी लिनक्स ठीक आहे, ऑफिसला नाही. आमच्याकडे कर सल्लागाराचं काम, टॅली विंडोजवरच चालतं, वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे लावून चालवणारे भेटलेत पण मार्च एन्डला ते धाडस मी करणार नाही. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावायचा तर त्याचा ड्रायव्हर, वर सरकारी साइटचा मदतनीस प्रोग्रॅम, यातलं एक लिनक्ससाठी मिळतं तर दुसरं मिळत नाही. थम्ब मशीनचंही तसंच, विंडोज आणि अँड्रॉइडपुढे कुणी जातच नाही. ताईंना उद्या शाळेत मुख्याध्यापक केलं आणि सहीचा टोकन हातात आला तर काय करणार?

गुलबक्षी

लेखापाल, टोकनचं पटलं, पण शाळेच्या बाबतीत उलटं उदाहरण माझ्या घरात आहे. आम्ही नोकरीमुळे त्रिशूरला असतो. केरळात सरकारी आणि अनुदानित शाळांचं सगळं कॉम्प्युटर शिक्षण लिनक्सवर आहे. २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, २०१७ मध्ये त्याची काइट नावाची सरकारी कंपनी झाली, आणि ती स्वतःचं काइट जीएनयू लिनक्स शाळांना देते, उबुंटू या लिनक्सवर बेतलेलं, मल्याळम टायपिंगसकट. माझी लेक आठवीत आहे, तिची प्रॅक्टिकलची परीक्षा त्याच्यावरच होते. तिच्या शिक्षकांना यात काही विशेष वाटतच नाही कारण त्यांचं प्रशिक्षणच त्यावर झालंय. म्हणजे अडतं ते मशीनपाशी नाही, शिकवायला माणूस आहे की नाही यापाशी अडतं. आपल्याकडे सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने २००७ मध्ये बॉस लिनक्स काढलं, त्यात मराठीही आहे, पण किती शाळांमध्ये कुणी ते लावून दाखवलं?

लेखापाल

केरळचं कौतुक आहेच. पण जर्मनीतल्या म्युनिक शहराने पण आपली बहुतेक सरकारी ऑफिसं लिनक्सवर नेली होती आणि २०१७ ला परत विंडोजवर यायचं ठरवलं. सरकारं बदलली की धोरणं बदलतात, भुर्दंड कर्मचाऱ्याला.

गुलबक्षी

तोच मुद्दा आहे ना माझा! म्युनिकला निर्णय फिरवला तो राजकारण्यांनी. केरळात दोन्ही आघाड्यांची सरकारं आली गेली आणि शाळांमधलं लिनक्स राहिलं, कारण शिक्षकांनी ते आपलं मानलं.

शब्दवेल

राजकारण बाजूला ठेवा जरा, ताई फोनवर लिहून स्वतःला मेल करतायत याचं मला वाईट वाटतंय. मराठीसाठी मला लिनक्स कुठल्याही सिस्टीमपेक्षा आवडतं, ते कसं करायचं ते सविस्तर लिहिते.

दोन मार्ग आहेत. तुम्हाला इन्स्क्रिप्ट येत असेल, म्हणजे सरकारी ऑफिसातला तो कीबोर्ड, तर काहीच बसवायचं नाही. कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट म्हणून जायचं, भारतीय कीबोर्डांच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट निवडायचं, बदलायला एक बटण ठरवायचं, झालं. तिथेच मराठी कगप म्हणून अजून एक आहे, तो उच्चारावर चालतो.

पण आपल्यापैकी बहुतेकांना रोमन अक्षरं मारून मराठी उमटवायची सवय असते. त्यासाठी आयबस नावाचं टायपिंगचं सॉफ्टवेअर लागतं. मेनूत इनपुट मेथड शोधा, तिथे आयबस निवडा, आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस एम१७एन नावाचं पॅकेज घ्या. मग लॉगआउट करून परत लॉगइन, ही पायरी लोक गाळतात आणि मग चालत नाही म्हणतात. आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठी घातलं की यादी येते, त्यात आयट्रान्स, फोनेटिक, रेमिंग्टन आणि चक्क गमभन पण आहे. मराठी संस्थळांवर लिहून ज्यांची बोटं तयार झालीत त्यांनी डोळे मिटून गमभन घ्यावं.

आता लिबरऑफिस. तिथे मराठी लिहिलं की फॉन्ट बदलत नाही अशी तक्रार सगळे करतात. त्याचं कारण असं की लिबरऑफिस इंग्रजीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळे सांभाळतं. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट समोर मराठी निवडा, नंतर स्टाइलमध्ये देवनागरीसाठी हवा तो फॉन्ट द्या, मग कायमचं सुटतं. फॉन्ट लोहित आणि नोटो पॅकेजमधून मिळतात, पण मुलांच्या निकालपत्रकाला मुक्ता वापरून बघा, मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, फुकट आहे आणि बारीक अक्षरातही जोडाक्षरं स्पष्ट दिसतात.

एक राहिलं, इन्स्क्रिप्टवाल्यांसाठी. तऱ्हा, दुसऱ्या, सुऱ्या यातला अर्धा र. शिफ्ट धरून जे मारलं की ऱ येतो, त्यापुढे हलन्त आणि मग पुढचं अक्षर. ज्यांना हे माहीत नाही ते दुसर्या लिहितात आणि मला ते बघवत नाही.

पेनड्राइव्ह_पाटील

शिफ्ट जे!! इतकी वर्षं दुसरीकडून कॉपी करून चिकटवतोय. शब्दवेलताई दंडवत.

नदीकाठ

अवांतर विचारतो. आमच्या ग्रामपंचायतीच्या जुन्या फायली श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधल्या आहेत, त्या लिनक्सवर उघडल्या की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात.

शब्दवेल

@नदीकाठ, त्या युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) नाहीत म्हणून. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे, त्यामुळे फॉन्टची फाइल नसेल तर खालची चिन्हं उघडी पडतात. विंडोजवर सुद्धा फॉन्ट काढून टाकला तर हेच दिसेल, यात लिनक्सचा दोष नाही. तो फॉन्ट तुमच्याकडे परवान्यासह असेल तर लिनक्सवरही बसतो आणि वाचता येतं. पण खरं काम म्हणजे कन्व्हर्टर वापरून सगळं युनिकोडमध्ये आणणं. गावाचं दफ्तर आहे, ते शोधता आलं पाहिजे. एकदा बसून कराच.

टर्मिनल_तात्या

वायफायचं कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. लहान, स्वस्त लॅपटॉपमध्ये खर्च वाचवायला बऱ्याचदा एकच ॲन्टेना जोडलेली असते आणि चिपला मात्र दोन जोडायची सोय असते. ड्रायव्हर नको त्या जोडणीवर कान लावून बसला की राउटरशेजारी रेंज आणि दोन भिंतींपलीकडे शून्य, अगदी ताई म्हणतात तसं. काही चिपांच्या ड्रायव्हरला ॲन्टेना निवडायचा पर्याय असतो, एक ओळीची सेटिंग फाइल, की रेंज एकदम वाढते. पण त्यासाठी चिप कुठली ते कळायला हवं. मेनूत सिस्टीम इन्फर्मेशन किंवा सिस्टीम रिपोर्ट उघडून नेटवर्कखाली जे लिहिलंय ते इथे टाका. तोवर फोन यूएसबीने जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल, ते बहुतेक फोनवर लगेच चालतं.

४ जीबी रॅमबद्दल. जुनंखोड यांनी निश्चिंत राहा म्हटलं, मी अर्धवट सहमत. सिस्टीम हलकी आहे, पण वेबपानं हलकी राहिलेली नाहीत आणि ब्राउझर विंडोजवर जेवढं खातो तेवढंच इथे खातो, एक्सएफसीईने त्यात काही बचत होत नाही. त्यासाठी झेडरॅम लावा. रॅमचाच एक भाग दाबून साठवायला वापरायचा, म्हणजे मेमरी संपत आली की सिस्टीम हळू ईएमएमसीवर लिहिण्याऐवजी रॅममध्येच घडी घालून ठेवते. फेडोरा या लिनक्समध्ये हे ३३ व्या आवृत्तीपासून मुळातच चालू असतं, मिंटमध्ये पॅकेज घ्यावं लागतं. ईएमएमसीवरचं लिखाणही कमी होतं, आणि ती बदलता येत नाही म्हटल्यावर ते महत्त्वाचं.

यूट्यूब अडखळत असेल तर फायरफॉक्समध्ये एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन घाला. जुन्या चिपांना नवे व्हिडिओ प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. हे एक्स्टेन्शन जुना प्रकार मागून घेतं.

चिंचोका

माझ्या मशीनवर दोन्ही आहेत, विंडोज आणि मिंट, आणि मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे! दोनदा ऑनलाइन मीटिंग हुकलीय.

टर्मिनल_तात्या

@चिंचोका, बरोबर साडेपाचच का ते बघा. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं, विंडोज आतल्या घड्याळातच स्थानिक वेळ धरतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवायची. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी टाइमडेटसीटीएल या आज्ञेची एक ओळ आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला ती ड्राइव्ह फक्त वाचता येते. दोन्ही ठेवणाऱ्या सगळ्यांना अजून एक, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा.

रानजाई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. टाइमशिफ्टच होतं! पुसल्यावर १२ जीबी जागा मोकळी झाली. ऑल्टची युक्ती शाळेतल्या सगळ्यांना दाखवली. आणि हा प्रतिसाद लॅपटॉपवर गमभनने लिहितेय. वायफाय चिपचं नाव तात्यांना व्यनिने पाठवलंय.

प्रिंटर राहिला. शाळेत एक छोटा काळा-पांढरा लेझर आहे, जोडल्यावर दिसतच नाही.

नदीकाठ

कंपनी बघा ताई. एचपी असेल तर एचपीलिप नावाचं पॅकेज मिंटमध्ये असतंच, काही लहान मॉडेलांना त्यातूनच प्लगिन एकदा डाउनलोड करावं लागतं, त्याशिवाय कागद ओढत नाहीत. दुसऱ्या काही कंपन्यांच्या जुन्या छोट्या लेझरना कंपनीने लिनक्सकडे लक्षच दिलेलं नाही, तिथे तासन्‌तास घालवू नका, पीडीएफ करून दुसऱ्या मशीनवरून छापा. नवीन घेताना नेटवर्कवाला घ्या, ड्रायव्हरलेस छापणारे असतात ते लिनक्सला सहज दिसतात.

ओंकारेश्वर_घाट

पुण्यात कुणी असाल तर पुणे लिनक्स यूझर्स ग्रुप जुना आहे, प्लग म्हणतात, आणि सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर संस्थेत जीएनयूनिफाय नावाचं संमेलन व्हायचं तिथे विद्यार्थी रांग लावून लोकांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून द्यायचे. मी तिथेच शिकलो, एका अनोळखी पोराने माझ्याशेजारी बसून दुपार घालवली होती. तालुक्याच्या गावी असं काहीतरी हवं. रानजाईताई तुमच्या केंद्रातल्या शिक्षकांना बोलवा एका शनिवारी, मी कोल्हापूरला येऊन जाऊन असतो, पेनड्राइव्ह घेऊन येईन.

वेडा_राघू

सगळं झालं पण ताईंच्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर कुणी दिलं नाही. पैसे साठवावेत की नाही?

लेखापाल

मी देतो. त्यांचं काम ब्राउझर, मराठी लिखाण, तक्ते आणि प्रोजेक्टर एवढंच आहे, ते या मशीनवर होईल, नवीन घ्यायची गरज नाही. एक्सेलचे मॅक्रोवाले तक्ते वरून आले तर लिबरऑफिसमध्ये काही चालतील काही नाहीत, तेवढं धरून चाला. सहीच्या टोकनवरचं माझं मत तेच आहे. ते काम शाळेच्या मशीनवर करा, स्वतःचा लॅपटॉप त्यासाठी बदलू नका.

जुनंखोड

लेखापालांशी सहमत. सध्याचं मिंट २२ उबुंटू २४.०४ वर बेतलंय आणि त्याला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. तोवर ईएमएमसीची काळजी घ्या, फायलींची प्रत बाहेर ठेवा. पैसे साठवायचेच असतील तर आत्ता फक्त मेमरी कार्डाचे.

टर्मिनल_तात्या

चिप तीच निघाली, ॲन्टेनाची ओळ पाठवलीय. रीस्टार्ट केल्यावर स्वयंपाकघरातून लिहा.

रानजाई

स्वयंपाकघरातूनच लिहितेय, भाकरी तव्यावर आहे, तीन काड्या रेंज!

ओंकारेश्वर_घाट, केंद्रप्रमुखांशी बोलले, दुसरा शनिवार चालेल म्हणाले. सात जणांनी नावं दिलीत, त्यातले बहुतेक लॅपटॉप माझ्यासारखेच आहेत. गुलबक्षीताई, काइटचं शिक्षकांसाठीचं काही इंग्रजीत साहित्य असेल तर दुवा द्याल का? मराठीत करायला मी आणि शब्दवेल बसू असं आमचं बोलणं झालंय.

मनमाड_जंक्शन

माझा नेटबुक काढला! ॲटम एन२७०, १ जीबी रॅम. मिंट सुरूच होत नाही, प्रोसेसर चुकीचा म्हणतो.

जुनंखोड

तो ३२ बिटचा आहे. मिंट त्याच्यासाठी आता नाही, डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. अँटिएक्स हे हलकं लिनक्स बघा किंवा डेबियन १२. आधुनिक वेबसाइट त्यावर झेपणार नाहीत, पण लिहायला, गाणी ऐकायला आणि टर्मिनल शिकायला उत्तम. नवा धागा काढा, फोटो टाका, मी आहेच.